उंबरठ्यावरचं पाऊल

अश्दोद शहरात कुणालाही विचारा, गुणाची सून कोण? आमच्या उरीताचंच नाव सांगतील. माझी धाकटी जाऊ. कुंभाराची पोर. लग्न होऊन आली तेव्हा तिला जैतुनाचं कच्चं फळ आणि पिकलं फळ यातला फरक कळत नव्हता. आणि दोन-तीन हंगामांत सासूबाई माझ्यादेखत म्हणायला लागल्या, "उरीताच्या हाताला तेल सुटतं गं." मी तिच्या कितीतरी आधीपासून या घरच्या तेलाच्या घाण्यावर राबतेय. माझ्या हाताला काय मग, नुसते फोडच येतात?

ठेचलेल्या जैतुनावर गरम पाणी ओतून वर आलेलं पहिलं तेल ती ओंजळीनं असं अलगद उचलायची, की लगदा दाबायच्या तुळईला धोंडे टांगणारे गडी हातातलं काम सोडून बघत राहायचे. माझा नवरासुद्धा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा सासूबाईंनी सांगून टाकलं, "माझे गुडघे गेले आता. सणाला दागोन देवाच्या दिव्यात जिचं तेल पडेल, तिचा घाणा. दुसरीनं तिच्या हाताखाली राबायचं."

सणाला दोघी घडे घेऊन देवळात गेलो. दागोनाच्या उंबरठ्यावर पाय द्यायचा नसतो, तो ओलांडायचा, हे आमच्याकडं रांगतं पोरही जाणतं. पाय पडला की त्याचं देणं देवाला चालत नाही. मी पुढं होते. ओलांडून आत पाय टेकला आणि झग्यात अडखळले, घडा खांद्यावरून निसटला. मागून उरीतानं आपला घडा कमरेशी दाबला, उंबरठ्यावर पाय रोवला आणि माझा घडा वरच्या वर झेलला.

अख्खं देऊळ बघत होतं. पुजारी म्हणाला, "पोरी, पाय कुठं आहे तुझा?"

"दिसतोय की, बाबा," ती म्हणाली. "ताईंचं तेल सांडलं असतं."

तिचा घडा परत पाठवला. माझं तेल दिव्यात पडलं.

घाणा माझा झाला. उरीता माझ्या हाताखाली राबते, कुरकुर म्हणून नाही. बाया पाणवठ्यावर अजून तिचंच कौतुक करतात. जन्मात एकदा मी तिच्या वरचढ ठरले, तेही तिनंच ठरवलं. तेवढं तरी तिनं माझं मला करू द्यायचं होतं.