नसीमा मॅडम आणि फेफऱ्याची गोळी

पेशंटनं खाजगी दवाखान्यातून आणलेली औषधांची पिशवी नसीमा मॅडम सरळ टेबलावर उपडी करायच्या. मग एकेक बाटली बाजूला सारायच्या. "ही तापाची. ही पित्ताची. ही डॉक्टरच्या नव्या गाडीची." खुरपणीच्या आधी बायका ताकदीसाठी सलाईन मागायला यायच्या. "काहून पाहिजे? मीठ-साखरेचं पाणी हाय ते. घरी जाऊन पोटभर वरण-भाकर खा." बायका रुसून खाजगीत जायच्या.

शिरड शहापूरजवळच्या सरकारी दवाखान्यात मी औषधं वाटायचो, नव्वदच्या दशकात. मॅडम तिथल्या डॉक्टर. बाळापूरच्या, वडील शिंपी. तोंड असं की कारकून त्यांना बघून रस्ता बदलायचा. मीही पुष्कळ बोलणी खाल्ली.

तांड्यावरच्या थावराभाऊंच्या सोनीला फेफरं यायचं. भगत झाला, अंगारे झाले, नांदेडचे मोठे डॉक्टर झाले. मॅडमनी आमच्याच कपाटातली साधी, स्वस्त गोळी रोज सुरू केली आणि पोरीचं फेफरं थांबलं. थावराभाऊंना त्या दर खेपेला बजावायच्या, "एक दिवसबी चुकवायची न्हाई. बरं वाटलं तरी न्हाई." सोनी शाळेत जाऊ लागली. पुढं तिच्या लग्नाचं बोलणंही निघालं.

मग वरून सुधारणा आली. आरोग्यावरचा खर्च कमी करायचा म्हणे. केसपेपरला पैसे घ्या, कायमच्या दुखण्याच्या गोळ्या दवाखान्यातून देऊ नका, बाहेरून आणायला सांगा. हिंगोलीच्या बैठकीत आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, यानं लोकांना शिस्त लागेल. शिस्त! माझंच डोकं फिरलं, तर मॅडमचं काय. त्या उभ्या राहिल्या. "तकलीफबी पेशंटलाच आन् शिस्तबी त्यालाच? कंपन्यांना लावा की शिस्त. गोळीवरचं कंपनीचं नाव काढा, मग बघा खर्च कसा उतरतो."

लगेच जिल्ह्यातच दुसऱ्या टोकाला त्यांची बदली झाली. मी म्हटलं, मॅडम, राजीनामा फेका तोंडावर. "मी काहून देऊ? चुकी ज्याची, त्यानं द्यावा."

नव्या डॉक्टरांनी सोनीला तीच गोळी लिहून दिली, पण बड्या कंपनीची, महागडी. थावराभाऊंनी ती बाजारातून आणली आणि आमच्याकडचा माणूस तेल-गूळ पुरवून वापरतो तशी वापरली. आधी अर्धी, मग दिवसाआड. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर धुणं धुताना सोनीला फेफरं आलं आणि ती पाण्यात पडली. गुडघाभर पाणी होतं. त्यात पोरगी गेली.

मॅडम तांड्यावर आल्या. थावराभाऊ त्यांना म्हणाले, "आमी लय जपून दिली गोळी, मॅडम. एकबी वाया जाऊ दिली न्हाई." मॅडम त्यांच्याशेजारी मातीत बसल्या आणि रडल्या. त्या बापाला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही.

पुढच्या बैठकीत साहेबांनी आमच्या दवाखान्याचं कौतुक केलं. औषधांवरचा खर्च खाली आला होता. मॅडम मागच्या रांगेतून उठल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"येणारच की, साहेब. सोनी मेली. तिला आता गोळी लागत न्हाई."

साहेब म्हणाले, पुढचा विषय घ्या.