टर्बोचा स्क्रू कोण फिरवतं?

मिस्त्रींचा विश्वास फक्त इंजिनावर. बाकी पेट्रोलपंपाच्या मीटरवर नाही, वजनकाट्यावर नाही, माणसांवर तर नाहीच. उभी हयात गॅरेजात गेलेली. स्वतःच्या जुन्या गाडीला त्यांनी टर्बो बसवला, तेव्हा तिची ताकद जवळजवळ दुप्पट झाली आणि मिस्त्रींची छाती तिप्पट.

पण सिग्नल सुटला की मागची चाकं जागच्या जागी गरगरायची, रबराचा धूर निघायचा आणि शेजारची साधीसुधी गाडी खुशाल पुढे जायची. मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. टायर मेहुण्याच्या दुकानातले होते.

"जुना माल गळ्यात मारला त्यानं," ते बायकोला म्हणाले.

"अहो, माझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच म्हणतो."

मग एका सकाळी इंजिन मवाळ वाटलं. बॉनेट उघडलं, तर टर्बोचा दाब ठरवणारा स्क्रू सैल! मिस्त्रींनी तो आवळला. आठवडा उलटायच्या आत पुन्हा सैल. आता पाणी कुठं मुरतंय ते त्यांना पक्कं कळलं. ताकद कमी केली की चाकं फिरणार नाहीत, आणि मेहुण्याचे टायर निर्दोष ठरणार. त्यांनी मेहुण्याला घर बंद केलं, कारणही न सांगता. आणि स्क्रूला धुतली तरी न जाणारी निळी शाई फासून ठेवली.

दुसऱ्या दिवशी जेवताना बायकोनं भाकरी वाढली. बोटं निळी.

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "तू?"

"मी. इतकी वर्षं पाने हातात देतेय तुमच्या. कुठला स्क्रू कुठं फिरतो एवढं कळत नाही होय मला?"

"पण का?"

लेक कामाला तीच गाडी नेत असे. बायकोनं आवाज खाली आणला. "ओल्या रस्त्यावर वळताना तिनं जरासा वेग दिला, तर मागची बाजू सटकली. गाडी उलट्या तोंडानं उभी. समोरच्या ट्रकनं वेळेत ब्रेक मारला म्हणून..."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही म्हणाला असता, गाडी उत्तम आहे, हिलाच चालवता येत नाही."

मिस्त्रींनी तोंड उघडलं होतं ते अगदी हेच म्हणायला. ते मिटलं.

सकाळी त्यांनी स्क्रू सैलच ठेवून गाडी काढली. सिग्नल सुटला, चाकांनी रस्ता धरला आणि गाडी सगळ्यांच्या पुढे. बायकोनं आणखी काही केलंय की काय, म्हणून त्यांनी बाजूला घेऊन बॉनेट उघडून पाहिलं. काही नव्हतं. ताकद कमी आणि गाडी पुढे, हे त्यांना मुळीच आवडलं नाही. तरी ते तसेच मेहुण्याच्या दुकानात गेले.

"रुंद टायर दे. ओल्यात धरणारे."

"देतो, दाजी. पण माझं काय चुकलं होतं?"

"काही नाही. माझंच डोकं फिरलं होतं. रात्री जेवायला ये."

पुढच्या पावसात ते लेकीच्या शेजारी बसले. ते वळण आलं, तिनं वेग उतरवला.

"भीती वाटते का गं?"

"एकटी असते तेव्हा नाही वाटत, बाबा," लेक म्हणाली. "तुम्ही जरा डॅशबोर्ड सोडाल का?"