जमिलाभाभी आणि चर्चमधली परांची

जमिलाभाभी गेल्या, आणि मी त्यांना खरं सांगितलंच नाही.

सकाळी धुळ्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "मावशी, अम्मी गेली."

मी इकडे जळगावात, मेहरूणच्या घरात, फोन धरून तशीच उभी. रडू आलं नाही. सुटले, असं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. धुळ्यातल्या आमच्या जुन्या चर्चचं छत पडायला आलं होतं. प्रार्थनेत लोकांच्या डोक्यावर चुना पडायचा. दुरुस्तीसाठी आतून परांची बांधायचं ठरलं. बांबू, काथ्याची दोरी, फळ्या. बांधणारे युसूफभाई, भाभींचे मालक.

मी तिथे संडे स्कूलला शिकवायचे. सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून रोज जाऊन काम बघत बसायचे.

दर चार हातांवर एक उभा बांबू. फक्त वेदीपाशी त्यांनी मोठी जागा मोकळी सोडली. तिथे आमचं प्रभुभोजनाचं टेबल होतं. वरच्या फळ्या नुसत्या दोन आडव्या बांबूंवर, खाली टेकू नाही.

मी विचारलं, "युसूफभाई, इथे बांबू नाही लावणार?"

"बाई, ती तुमना देवनी जागा शे. तठे बांबू कसा उभा करू?"

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! त्याच रविवारी मुलांना ही गोष्ट सांगितली. दुसऱ्याच्या देवाचा मान कसा ठेवावा, वगैरे.

ते टेबल हलवता येतं, हे मात्र युसूफभाईंना सांगितलं नाही.

दर नाताळला नाटकासाठी आम्हीच ते बाजूला सरकवायचो. एका वाक्याचं काम होतं. "सरकवा हो, आमचा देव रागावत नाही."

पण मग माझी सुंदर गोष्ट मोडली असती ना.

परांची ज्याने बांधली, त्यानेच रोज सकाळी पहिल्यांदा वर चढायचं. गाठी बघायच्या. मग बाकीच्यांनी. त्यांच्यात रीतच होती तशी.

रमजान चालू होता. युसूफभाई चढले. वेदीच्या वर, मधोमध आले. आणि आडवा बांबू कडाडला.

मी समोरच्याच बाकावर होते.

त्यांना उचलायला मजुरांनी ते टेबल बाजूला घेतलं. दोघांनीच. एका झटक्यात.

लोक म्हणाले, रोजा होता, चक्कर आली असेल. मीही मान डोलावली.

चाळीसाव्याला भाभींकडे गेले. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मना डोया लागी गया, बाई. सहेरीले त्यासले उठाडंच नही मी. उपाशीपोटी चढनात त्या." सहेरी म्हणजे रोजा धरण्याआधीचं पहाटेचं जेवण; त्यासाठी युसूफभाईंना त्यांनी उठवलंच नव्हतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी.

आणि म्हणाले काय, तर "नशिबात असतं ते होतं, भाभी."

त्यानंतर दर ईदला माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा यायचा. मी खायचे. छान झालाय म्हणून निरोपही धाडायचे.

आज फोनवर मुलगी सांगत होती, अब्बा गेल्यापासून एकाही रमजानला अम्मी सहेरीआधी झोपली नाही. डोळा लागेल म्हणून भिंतीला टेकायचीसुद्धा नाही. म्हातारपणी, आजारपणातही नाही.

तीस-पस्तीस वर्षं.

प्लीज, कमेंटमध्ये सर्वधर्मसमभाव वगैरे लिहू नका. डिलीट करीन.

भाभी, तुम्ही झोपलात म्हणून ते गेले नाहीत. मी बोलले नाही म्हणून गेले.

हे ऐकायला तुम्ही हव्या होतात.

खुदा हाफिज, भाभी.