खडू माझा, गणित हिचं

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतर आमच्या हिचं शिक्षण सुटलं. मग घर, दोन मुली आणि शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी: परीक्षानळ्या धुणं, तराजू पुसणं, मुलांनी फोडलेल्या काचा वेचणं. गणिताचा तोरा होता तो माझा. मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत असे.

विद्यापीठाने उन्हाळ्याच्या सुट्टीत अवकल समीकरणांचा, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्सचा, छोटा वर्ग काढला. वयाची अट नव्हती. नाव मी घातलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा अजून आला नव्हता, फळा नीट दिसेना, म्हणून हिचंही घातलं. म्हटलं, नुसती शेजारी बस, दिसेल ते सांग. थोड्याच दिवसांत ती मला दिसेल ते नव्हे, चुकेल ते सांगू लागली.

शिकवणाऱ्या बाई आमच्या धाकटीपेक्षा लहान. त्यांची पद्धत वेगळी होती. फळ्याशी जोडीने जायचं. एकाने नुसतं बोलायचं, खडूला हात लावायचा नाही. दुसऱ्याने सांगितलेलं लिहायचं. शंका आली तर खडू खाली ठेवायचा, एवढाच त्याला हक्क. मी हिचा लिहिणारा झालो आणि दर ओळीला खडू खाली ठेवू लागलो. वर्ग हसायचा. शेवटी मीच बाईंना म्हटलं, जोडी बदला, आमचं हे घरी रोजच चालतं.

माझ्या वाट्याला एक जांभया देणारी मुलगी आली. हिच्या वाट्याला कंपाउंडर. जन्मभर दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधलेला, विधुर, गुळगुळीत दाढी केलेला माणूस.

"सांगा वहिनी," तो म्हणाला, "डॉक्टरांचं अक्षर लावण्यात आयुष्य गेलं. तुमचं तर सगळं तोंडी आहे."

ही हसली. तशी हसलेली मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.  त्याचे बूट रोज चकचकीत असत. मीही कपाटातून पॉलिशची डबी काढली. हिने विचारलं, कुणाचं लग्न आहे का.

शेवटची परीक्षा फळ्यापाशीच होती आणि तेव्हा जोडी ज्याने त्याने निवडायची होती. ही कुणाला निवडणार, याशिवाय मला काही सुचेना. समीकरणं गेली खड्ड्यात.

परीक्षेच्या आधीच्या तासाला त्या दोघांना चहाचं गणित आलं. कपातला चहा आणि खोली यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितका चहा भराभर निवतो. तर अमुक वेळाने फरक किती उरेल? ही म्हणाली, दोन्ही बाजूंना फरकाने भागा. कंपाउंडरने भागलं. त्याचा हात जरा घुटमळला. ही गप्प उभी होती. मला राहवलं नाही.

"फरक शून्य असेल तर?" मी बाकावरून उठून म्हणालो. "शून्याने भागता होय?"

चहा आधीच गार असेल तर तो तसाच राहणार. तेही एक उत्तर आहे आणि ते गळत होतं. बाईंनी मान डोलावली. कंपाउंडर म्हणाला, भाऊसाहेब, वाचवलंत. मनापासून म्हणाला, म्हणून मला जास्तच राग आला.

बसमध्ये हिने आधी तिकिटं काढली. मग म्हणाली, "मला दिसलं होतं ते. त्यांना शंका येत होती, म्हणून मी थांबले होते. तुम्ही मध्येच तोंड घातलंत."

"माझ्यासाठी कधी अशी थांबलीस?"

"तुम्ही थांबू देता का?"

परीक्षेच्या दिवशी मी खाली मान घालून बसलो होतो. ही माझ्या बाकापाशी येऊन उभी राहिली.

"चला. बोलणार मी."

"आणि तो?"

"त्यांच्याबरोबर कुणीही जाईल हो. तुमच्याबरोबर कोण जाणार?"

फळ्यापाशी ती सांगेल ते मी लिहीत गेलो. एका ठिकाणी ती म्हणाली, भागा. मी खडू खाली ठेवला, पण बोललो काही नाही. तीही थांबली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तरी ती थांबलीच. मग मी हळूच विचारलं, शून्य असेल तर? "ते आधी बाजूला लिहून घ्या," ती म्हणाली, आणि आम्ही पुढे गेलो.

पास झालो. बाहेर कंपाउंडर कागदी कपांत चहा घेऊन उभा होता. जांभयावालीबरोबर तोही पास झाला होता. त्यातला एक कप त्याने निवडून हिच्या हातात दिला.

"तुमचा बिनसाखरेचा, वहिनी."

हिने साखर कधी सोडली, हे मी बसमध्ये विचारलं. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "झालं की वर्ष."