मामा मागच्या फाटकाने आला

साताऱ्याहून ठाण्याच्या गाडीत बसले तेव्हा पिशवीत कंदी पेढे होते, आहेराची साडी होती आणि सुनंदाने फोनवरून गळ्यात घातलेलं एक काम होतं. सुनंदा माझी मावसबहीण, राहते ठाकुर्लीला. तिच्या प्राजक्ताचं लग्न. मी आधी कळव्याला विलासकडे जायचं आणि त्याला घेऊनच ठाकुर्ली गाठायची, असं ते काम. विलास सुनंदाचा सख्खा भाऊ, म्हणजे नवरीचा मामा. आपल्याकडे मामाने हात धरून आणल्याशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. "तो आला नाही तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही, असं प्राजू म्हणते," सुनंदा रडवेली झाली होती. "ताई, तुझं तो ऐकतो. आणच त्याला."

ऐकतो कसला. लहानपणी माझ्या हातचा मार खाल्लाय, एवढंच.

ठाण्यात शिरताना माणसांच्या आधी बॅनर दिसतात. वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे, कुणाचा नातू पहिलीत गेला त्याचेही. एका बॅनरवर इतके चेहरे होते की वाढदिवस नक्की कोणाचा ते सिग्नल सुटेपर्यंत मला सापडलं नाही. कळव्याला जायला रिक्षा केली. समोरच्या आरशाखाली एका पुढाऱ्याचा फोटो चिकटवलेला. मी विचारलं, "हा कोण रे?"

"आपला भाई आहे, मावशी."

"आणि त्या खांबावरचा?"

"तो त्यांचा. एक नंबरचा चोर."

"काय चोरलं त्याने?"

रिक्षावाल्याने जरा विचार केला. "ते मोबाइलवर बघा ना. रोज येतं सगळं."

खाडीचा पूल ओलांडला, दमट खारा वास आला आणि कळवा आलं. विलासची इमारत जुनी, चार मजली, जिन्यात अगरबत्तीचा आणि तळलेल्या मासळीचा वास एकत्र. दार उघडलं त्याच्या बायकोने, शोभाने. ती मूळची मालवणकडची. "या वन्सं," म्हणाली आणि डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. आत टीव्ही लावलेला. पडद्यावर सहा चौकोन, सहा माणसं, सहाही जण एकाच वेळी बोलत होते आणि सातवा, म्हणजे आमचा विलास, त्यांना उत्तरं देत होता.

शोभाने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं (आपल्याकडची उसळच, पण खोबऱ्याच्या वाटणाची, दाट) पुढ्यात ठेवलं. इतकं चवदार की मी कामाचं बोलणं दुसऱ्या आंबोळीपर्यंत लांबवलं. मग टीव्ही बंद केला आणि विचारलं, "भांडण नक्की कशावरून झालं रे?"

त्याने सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. विलास आणि सुनंदाचे यजमान दत्ताराव, दोघांचं मेहुण्या-मेहुण्यांचं सूत असं की दर रविवारी एकमेकांकडे मटण. दोघे कुठल्याच पक्षाचे नव्हते. निवडणुकीच्या आधी एका रविवारी डोंबिवलीच्या मैदानावर एका चॅनेलने चर्चेचा कार्यक्रम ठेवला होता. चहा-वडापाव फुकट, म्हणून दोघे गेले. एका बाजूला या पक्षाच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला त्या पक्षाच्या. (पक्षांची नावं मी लिहीत नाही. तुमच्याही गावात हेच आहेत, तुम्हीच घाला.) माइक घेतलेली मुलगी म्हणाली, "काका, या साइडला माणसं कमी पडतायत, तुम्ही इकडे बसता का?" विलास उठून बसला. कुणीतरी गळ्यात उपरणं घातलं. समोर दत्तारावांच्याही गळ्यात पडलं, वेगळ्या रंगाचं.

"मी भाऊजींची खेचलेली फक्त," विलास सांगत होता. "बोललो, यांचे पुढारी पाण्याच्या टँकरसोबत पण सेल्फी काढतात. ते बोलले, तुमच्यांना टँकर कुठे वळवायचा तेच कळत नाही. सगळे हसलेले, ताई. आम्ही पण हसलेलो."

"मग?"

"संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं. हसणं कापलेलं."

उरली होती फक्त बोटं रोखलेली दोन माणसं आणि खाली लाल अक्षरात 'मेहुण्यानेच काढले मेहुण्याचे वाभाडे'. दुसऱ्या दिवशी विलासच्या दारात, तो ज्यांच्या खुर्चीवर बसला त्या पक्षाचे लोक शाल-नारळ घेऊन हजर. चांगलं ठणकावलंत म्हणाले, आणि वॉर्डाचं कसलंसं पद दिलं. तिकडे दत्तारावांनाही मिळालं. पदाबरोबर मोबाइलवरचे ग्रुप आले, ग्रुपवर रोज सकाळी काय बोलायचं ते येऊ लागलं, आणि थट्टेत सुरू झालेलं हळूहळू खरंच होऊन बसलं. आता विलासने हट्ट धरला होता की दत्तारावांनी लग्नासाठी उभारलेल्या कमानीवर त्यांचा पुढारी आहे, तिच्याखालून तो जाणार नाही.

"अरे, कमानीखालून जाशील तर काय बाटशील का?" मी म्हटलं.

"ताई, कुणीतरी व्हिडिओ काढणार. मग मला ग्रुपवर जाब विचारतील."

हे ऐकून मला त्याचा राग यायच्या ऐवजी कीवच आली. पन्नाशीचा माणूस, बहिणीच्या घरी जायला घाबरतोय.

शेवटी "गाडीत बस, तिथलं तिथे बघू" एवढ्यावर त्याला काढला. शोभा दुसऱ्या दिवशी परस्पर हॉलवर येणार होती. मुंब्र्यावरून शिळफाट्याला आलो आणि तिथे जे अडकलो ते अडकलोच. कटईच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक आगरी म्हातारी भाजी विकत होती. पाय मोकळे करायला मी उतरले. तिच्या डोक्यावर पुढाऱ्याच्या तोंडाची मोठी छत्री, आणि मागे दुसऱ्या पुढाऱ्याची तशीच एक छत्री मिटून ठेवलेली.

"कंचे गावची गो बाय तू?" (कंचे म्हणजे कोणत्या.)

"साताऱ्याची. या दोन छत्र्या कशाला आजी?"

"दोनी पार्टीवालं देऊन गेलं. ज्याचा मानूस येतंय त्याची उघरायची." आणि गाडीकडे हनुवटी उडवून म्हणाली, "तो कंचे पार्टीचा? त्याचे कापरावं बिल्ला हाय, सांग, छत्री बदलतू." (कापरावं म्हणजे कपड्यावर.)

मी हसत सुटले. विलासला सांगितलं, तर तोही हसला, कितीतरी वेळाने. मग खिशावरचा बिल्ला काढून त्याने डॅशबोर्डवर ठेवला. पुढे कोणी ओळखीचं दिसलं तसा परत लावला.

ठाकुर्लीला पोचलो तेव्हा हळदीची वेळ झालीच होती. इमारतीच्या फाटकावर ती कमान. मधोमध पुढारी, हात जोडून, दारापेक्षा मोठा. एका कोपऱ्यात प्राजक्ता आणि नवरा मुलगा, पासपोर्टच्या फोटोएवढे. फाटकाशी तीनचार जण मोबाइल हातात धरून उभे. विलासने गाडी अलीकडेच थांबवली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. आतून ढोल-ताशा ऐकू येत होता.

"ताई, तू जा. सुनीला सांग, मला नाही जमणार."

त्याचे डोळे भरले होते. मी सुनंदाला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या बाजूला आणा गाडी."

इमारतीला मागे एक लोखंडी फाटक आहे, कचऱ्याचे डबे ठेवतात तिथे. एरवी कुलूप असतं. आम्ही वळसा घालून गेलो तर सुनंदा कुलूप काढून उभी, हाताला हळद. विलास तिच्याकडे बघेना. ती म्हणाली, "ये रे दादा." ओल्या कचऱ्याच्या वासातून, नाकाला रुमाल लावून, नवरीचा सख्खा मामा आत शिरला. मी मागे राहून सुनंदाला म्हटलं, "किल्ली तर सोसायटीच्या ऑफिसात असते ना? तुला कशी मिळाली?"

"ह्यांनीच सकाळी आणून ठेवलेली." मग माझा हात दाबून, "त्याला सांगू नको म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी हॉलवर (तिथे कमानीला परवानगी नव्हती) विलासने प्राजक्ताला हात धरून बोहल्यावर आणलं. पोरगी हसत होती आणि रडतही होती. अंतरपाटाच्या एका टोकाला विलास, दुसऱ्या टोकाला दत्तारावांचा भाऊ. दत्ताराव समोर उभे, मेहुण्याकडे न बघता. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या. जेवणात बासुंदी होती आणि अळूवडी होती. हे सगळं नीट पार पडलं, आणि माझं काम झालं म्हणून मी खुर्चीत टेकले.

पाठवणीच्या आधी प्राजक्ताने फोटोग्राफरला थांबवलं. "मला बाबा आणि मामाबरोबर एक पाहिजे. मध्ये मी."

दोघे आले. आधी हातभर अंतर ठेवून उभे राहिले. मग तिने दोघांच्या दंडात हात घालून ओढलं, आणि काय झालं कोण जाणे, दत्तारावांनी विलासची कॉलर सरळ केली, पूर्वी करायचे तशी. विलास म्हणाला, "भाऊजी, पोट वाढलंय तुमचं." दत्ताराव हसले. मी शपथेवर सांगते, इतका चांगला फोटो त्या लग्नात दुसरा नव्हता.

फोटोग्राफर पुढे वळला तसा विलास त्याच्या मागे गेला आणि हळूच म्हणाला, "हा कुणाला पाठवू नका हां."

तेवढ्यात दत्तारावही तिथे पोचले होते. "अल्बममध्ये पण नको," ते म्हणाले. "आमच्या पक्षातले लोक बघतात."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान खाली घातली. प्राजक्ता दोन पावलांवर होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ही चिडेल. तिने कॅमेरा मागून घेतला, फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. मग परत देत म्हणाली, "दादा, काढून टाका. उगाच दोघांना त्रास नको."

त्याने तिच्यासमोर काढून टाकला.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसले आणि साताऱ्यापर्यंत मला त्या दोघांचा इतका राग येत राहिला की पेपर उघडला तो मिटला. मग वाटलं, राग तरी किती करणार. भांडायला त्यांना मैदान दिलं, खुर्च्या दिल्या, माइक दिला. गोड व्हायला कचऱ्याच्या डब्यांमागची वाट उरली.

घरी आल्यावर वाड्यातल्या बायका फोटो बघायला जमल्या. मामा नवरीला आणतोय तो फोटो सगळ्यांना आवडला. कुणीतरी विचारलं, "मुलीचे वडील आणि मामा एकत्र नाहीत का गं कुठे?"

"होते," मी म्हटलं, आणि पेढ्याचा डबा पुढे केला.