निरोप जसाच्या तसा

टोल्डसरांना निरोप सांगायला गेलं की ते आधी हातातलं काम खाली ठेवत. मग तीन प्रश्न. कोणी सांगितलं? कोणाला? काय? तिन्हींची उत्तरं नीट आली तरच निरोप पोचला असं ते मानत. एकदा शाळेचा शिपाई दारातूनच म्हणाला, "हेडमास्तर बोलावतायत." सरांनी विचारलं, "कोणाला?" वर्गात दुसरे सर नव्हते. तरी विचारलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी वसईतल्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. त्यांचं खरं नाव वेगळं होतं. एकाचं बोलणं दुसऱ्याने आपल्या वाक्यात कसं सांगायचं, हा धडा त्यांच्या इतका आवडीचा की त्यातला 'टोल्ड' त्यांना चिकटला. हुकूम असेल तर टोल्ड किंवा ऑर्डर्ड, विनवणी असेल तर रिक्वेस्टेड, पुढे टु, आणि करू नको म्हटलं असेल तर नॉट टु. मला हे अजून झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

धड्याचा सराव मात्र शाळेत कमी आणि त्यांच्या घरी जास्त व्हायचा. शिकवणीला आम्ही सात-आठ मुलं त्यांच्या ओटीवर बसायचो. घराचे मधे भिंत घालून दोन भाग केले होते. पलीकडे त्यांचा थोरला भाऊ, पास्कूकाका, आणि काकी राहत. मागे केळीची वाडी, तिचेही दोन भाग. विहीर आणि पंप मात्र एकच. वाटणीच्या दिवशी पास्कूकाका चार माणसांत म्हणाले होते की याने आयुष्यात एक केळ लावलेली नाही. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पाण्याची पाळी तर रोज ठरवावी लागायची. म्हणून निरोप आम्ही न्यायचो.

माझं पाठांतर चांगलं होतं. त्यामुळे बहुतेक वेळा मीच जायची.

"काय गं, मास्तराने आज काय फर्मान काढलंय?" पास्कूकाका केळीच्या आळ्यातून विचारायचे.

"सरांनी तुम्हाला सांगितलंय, सात वाजता पंप बंद करा."

"सांग त्याला, माझ्या केळीला घड्याळ कळत नाही म्हणावं."

मी परत येऊन हे सांगितलं की सर म्हणायचे, "इंग्रजीत." मी म्हणायची, "ही सेड दॅट हिज बनानाज डिड नॉट अंडरस्टँड द क्लॉक."

"वाक्य बरोबर," सर म्हणायचे. "माणूस चूक."

मुलं खिदळायची. सर हसत नसत, पण रागावतही नसत. मला वाटतं, दोघांनाही हा खेळ थोडा आवडत असावा. निदान रोज काहीतरी बोलणं व्हायचं.

एक नियम कडक होता. सांगणाऱ्याने पदरचं काही घालायचं नाही. आमच्यातला एकजण एकदा निरोप सांगून पुढे म्हणाला, "आणि सर, काका जाम चिडलेत." सरांनी चष्मा काढला. "चिडलोय असं तो म्हणाला का?" "नाही सर." "मग ते तुझं. ते तुझ्या घरी ठेव. तुम्ही पोस्टमन. पाकिटावर पोस्टमन आपलं मत लिहितो का?" तेव्हापासून कोणी जास्तीचा शब्द आणला नाही. मी तर नाहीच.

मी दहावीत होते त्या वर्षी नाताळनंतर पास्कूकाकांना कावीळ झाली. गावठी औषध झालं, मग डॉक्टर झाले. फेब्रुवारीत ते उठेनासे झाले. पाण्याचे निरोप आता काकी द्यायची. एका संध्याकाळी तिने मला हाक मारली. "ये गं. बोलावतायत तुला."

ते खाटेवर होते. डोळे पिवळेजर्द. त्यांनी माझं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी उशीवर येत होतं, ते पुसत नव्हते. काकी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग ते म्हणाले, "मास्तराला सांग, एकदा येऊन जा." मनगट त्यांनी सोडलं नाही. मी सोडवून घेतलं.

सर पेपर तपासत होते. लाल पेन खाली ठेवलं.

"पास्कूकाकांनी तुम्हाला सांगितलंय, एकदा येऊन जा."

"आणखी काही?"

"नाही."

सरांनी पेन उचललं. "अजून हुकूमच सोडतोय. सांग त्याला, उद्या शाळेतून आल्यावर बघतो."

मी पलीकडे जाऊन तेवढंच सांगितलं. पास्कूकाकांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सर फळ्यावर लिहीत असताना चर्चची घंटा सुरू झाली. थांबून थांबून वाजणारी, माणूस गेल्याची. आमच्या गावात ती ऐकली की लोक आजारी माणसांची नावं मनात मोजतात. सरांचा खडू थांबला. मग त्यांनी वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला आणि हात झटकून वर्गाबाहेर गेले.

त्याच संध्याकाळी पास्कूकाकांच्या मातीहून परतताना सरांनी मला गाठलं. "काल तू गेलीस तेव्हा तो कसा होता?"

"रडत होते. माझा हात सोडत नव्हते."

"हे सांगितलं नाहीस."

"तुम्ही म्हणता, पदरचं घालायचं नाही."

सरांनी दोन-तीनदा मान हलवली. "बरोबर केलंस," ते म्हणाले. वही तपासून परत द्यावी, तशा आवाजात.

मला तेव्हा काही वाटलं नाही. पुढेही फारसं वाटलं असं म्हणता येणार नाही. मनगट मात्र मी काही दिवस साबणाने धूत होते.

आठवड्याने काकीने मला तांदूळ निवडायला बोलावलं होतं. दारात सर येऊन उभे राहिले. त्या भागात त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. ते म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर मला सांगा."

काकीने सुपातून मान वर केली नाही. ती मला म्हणाली, "सांग त्यांना, काही नको."

सर तीन हातांवर होते. त्यांना ऐकू गेलं होतं. तरी ते माझ्याकडे बघत थांबले.

"काकीने तुम्हाला सांगितलंय, काही नको," मी म्हणाले.

"बरं," म्हणून ते गेले.

शिकवणीला मी नंतर गेले नाही. परीक्षा जवळ होती, अभ्यास घरीही होत होता. जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत मी शाळेत पहिली आले. सरांना हे कळवायला हवं, असं आई म्हणाली. मी धाकट्या बहिणीला पाठवलं.