पवनचक्कीला टांगलेलं दही

दुधातली भेसळ शोधण्यात माझी हयात गेली. आधी पुण्यात, मग इथे परदेशात, हॅमिल्टनच्या डेअरी कंपनीत. त्यामुळे कुणी काही अस्सल आहे म्हणालं, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

शेजारीणबाई परसात कपडे वाळत घालताना एक विनोदी स्कॉटिश गाणं म्हणत. बायकोची कामं आपण चुटकीसरशी करू अशी बढाई मारणारा एक नवरा. बायको शेतावर जाते, हा घरी राहतो आणि कोंबड्यांपासून लोण्यापर्यंत सगळ्याचा विचका करतो. "माझ्या आजीनं स्कॉटलंडहून आणलंय, जसंच्या तसं," बाई सांगत.

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळी सुट्टीत मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं. शेवटच्या कडव्यात वारा पडलेला बघून तो नवरा फडक्यात दही बांधतो आणि पवनचक्कीच्या पात्याला टांगतो. मग वारा सुटतो.

झाडांना पाणी घालायचं सोडून मी तसाच उभा राहिलो. आमच्या घरी हेच झालं होतं. आई माहेरी गेलेली, लोडशेडिंग चालू, आणि बाबांनी श्रीखंडासाठी दही बांधून पंख्याला टांगलं. बटण चालूच होतं. वीज आली. आईनं परत आल्यावर निमूटपणे भिंती पुसल्या. बाबांपुढे हसायची टाप कुणाची?

बायको म्हणाली, "अरे, अशी ढीगभर गाणी असतील. कोइन्सिडन्स असतो. कशाला त्या बिचारीच्या मागे लागतोस?"

पण नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जुने गीतसंग्रह चाळले. कामानिमित्त पामर्स्टन नॉर्थला गेलो, तेव्हा स्कॉटिश गाण्यांच्या एका जाणकार प्राध्यापकांना गाठलं. गाणं खरंच जुनं निघालं. कोंबड्या सापडल्या, लोणी सापडलं, पण दही नाही आणि पवनचक्कीही नाही. "हे नंतर कुणीतरी घुसडलंय," ते म्हणाले.

मला भयंकर राग आला. आई शेवटची काही वर्षं आमच्याकडे होती. आम्ही दोघं कामावर, ती दिवसभर एकटी, आणि इंग्रजीचा गंध नाही. तिला इथे आणून मी कोंडून घातलं, ही बोच काही जात नाही. त्यात तिच्या संसारातली गोष्टसुद्धा कुणी उचलावी आणि आपल्या आजीच्या नावावर खपवावी?

शनिवारी कुंपणापाशी मी सरळच विचारलं, "ते दह्याचं कडवं तुमच्या आजीचं नाही ना?"

बाईंनी हातातले चिमटे खाली ठेवले. "नाही. तुझ्या आईचं आहे."

"मग खोटं का सांगितलंत?"

"तिनं तुमच्या घराकडे हात केला आणि ओठांवर बोट ठेवलं. घरी सांगणार नाही, असं मी कबूल केलं होतं."

"पण तिला इंग्रजी येत नव्हतं."

"मला तरी कुठे तुमची भाषा येते? मी गाण्यातला नवरा नक्कल करून दाखवला, मग तिनं तिचा दाखवला." बाईंनी दोन्ही हात पसरून गरागरा फिरवले. "पवनचक्कीच ना ही?"

मी त्यांना पंख्याचं सांगितलं. त्या खो खो हसल्या.

"आई हसायची?" मी विचारलं.

"हसायची? रोज दुपारी हे गाणं म्हणायला लावायची. शब्द कळोत न कळोत, ध्रुवपद तीच म्हणायची, माझ्याहून मोठ्यानं."

आईला गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"एकदा म्हणून दाखवा," मी म्हणालो. "तिच्यासारखं."